सरकारी रुपयाची वाट

(आपल्या संस्थेच्या सूर्यमाळ येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अशा मेळाव्यात शिक्षणाविषयी, विवाहातील खर्चाविषयी किंवा व्यसनमुक्तीविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि ते विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु आज आम्ही एक निराळाच विषय घेतला आहे. सरकारच्या तिजोरीतून निघालेला रुपया ज्याच्यासाठी निघाला त्याच्या हाती कसा पोहोचतो, वाटेत कोठे अडतो, आणि संगणक व भ्रमणध्वनी यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या नव्या व्यवस्थेने या प्रवासात काय सुधारणा घडवून आणली, हा तो विषय होय. या व्यवस्थेस अलीकडे ‘डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव ऐकून हा विषय दिल्ली-मुंबईच्या अधिकाऱ्यांचा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तो मोखाडा आणि जव्हार या दोन तालुक्यांतील प्रत्येक पाड्याचा आहे. मजुरीचा पैसा वेळेवर मिळाला तर माणूस गावात राहतो. न मिळाला तर दिवाळीनंतर घराला कडी लागते, कुटुंब भिवंडी-वसईकडील वीटभट्टीवर किंवा नाशिककडील द्राक्षबागेत जाते, आणि शाळेच्या पटावरील मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आमचे आयुष्य शाळेत गेले. त्यामुळे राज्याच्या अर्थव्यवस्थेकडे आम्ही हजेरीपुस्तकाच्या बाजूने पाहतो, हे आपण समजून घ्यावे.

सूर्यमाळचा हा माथा उंच, हवा थंड, पावसाळ्यात जवळच आमल्याचा धबधबा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु पाऊस सरला की शेतातील नागली-वरईचे काम संपते आणि हाताला काम उरत नाही. जव्हारचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकर्ते बदलले, मुख्यालये बदलली. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला आणि त्यानंतर या भागासाठी योजनांची व तरतुदींची रीघ लागली. तरीही प्रश्न शिल्लक राहिला, त्याचे एक कारण असे की, कागदावर मंजूर झालेली रक्कम आणि पाड्यावर पोहोचलेली रक्कम यांत, तसेच मंजुरीचा दिवस आणि पोहोचण्याचा दिवस यांत मोठे अंतर राहत आले. १९८५ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी रुपयातील जेमतेम पंधरा पैसे गरिबापर्यंत पोहोचतात, अशा आशयाचे उद्गार काढले होते. तो आकडा काटेकोर हिशेबाचा नसेल. पण दुखणे खरे होते.

रोजगार हमीचेच उदाहरण घेऊ. ही कल्पना महाराष्ट्राची, हे आपण अभिमानाने सांगावे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसायकर १९७५ पासून या कामासाठीच बसविण्यात आला. म्हणजे मुंबई-ठाण्यास नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांच्या पगारातून कापलेले पैसे खेड्यातील बांधबंदिस्तीच्या मजुरीस लागले. या नात्याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्या काळी मजुरी कामावरच रोख वाटली जाई. त्यात एक सोय होती, ती अशी की, मजूर आणि पैसा समोरासमोर येत. परंतु त्यात तीन दोषही होते. पहिला दोष गळतीचा. हजेरीपटावर कामावर न आलेल्यांची, प्रसंगी गाव सोडून गेलेल्यांचीही नावे चढत आणि त्यांच्या नावाचा पैसा कोणीतरी उचलत असे. दुसरा दोष दिरंगाईचा. मोजमाप, मंजुरी, रकमेची उपलब्धता या पायऱ्या चढता चढता आठवड्यांचे महिने होत. तिसरा दोष अंधाराचा. किती रक्कम आली, कोणत्या कामावर खर्ची पडली, हे गावातील सामान्य माणसास कळण्याचा मार्गच नव्हता. आम्ही आज जे विवेचन करणार आहोत ते या तीन दोषांना धरूनच आहे. कारण नव्या व्यवस्थेने यांपैकी कोणता दोष किती दूर केला, ही तिची खरी परीक्षा होय.

आता ही नवी व्यवस्था म्हणजे काय ते पाहू. सरकार जसा रस्ता बांधते आणि त्यावरून एसटीही जाते, बैलगाडीही जाते, तद्वत काही मूलभूत सोयी एकदाच उभारावयाच्या आणि सर्व योजनांनी त्यांचाच उपयोग करावयाचा, हे तिचे तत्त्व आहे. माणसाची ओळख, त्याचे बँक खाते आणि पैसे पाठविण्याचा मार्ग, अशा या तीन सोयी. ओळखीसाठी आधार क्रमांक आला. त्याचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला. २०१३ च्या आरंभी थेट लाभ हस्तांतरणास सुरुवात झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजनेने खाती उघडण्याची मोठी मोहीम सुरू केली. २०१६ साली युपीआय आले, ज्याच्या योगे आज आठवड्याच्या बाजारातील भाजीवालाही चौकोनी खुणेच्या फलकावर पैसे घेतो.

हा लोकांच्या बाजूचा भाग झाला. सरकारच्या बाजूलाही तितकाच मोठा फेरफार झाला आहे, परंतु तो दिसत नसल्याने त्याची चर्चा होत नाही. २००९ साली केंद्र सरकारने योजनांच्या पैशाचा माग ठेवणारी एक संगणकीय प्रणाली सुरू केली. तीच आज सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, अर्थात पीएफएमएस, या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाची अर्थसंकल्पीय तरतूद खात्याखात्यांस वाटण्याची ‘बीम्स’ नावाची प्रणाली आहे. पूर्वी एखाद्या योजनेचा पैसा दिल्लीहून राज्यास, राज्याकडून जिल्ह्यास, जिल्ह्याकडून तालुक्यास असा टप्प्याटप्प्याने आगाऊ जाई आणि प्रत्येक टप्प्यावरील बँक खात्यात पडून राही. एखाद्या गृहस्थाचे पाच मुलगे निरनिराळ्या गावी आहेत, अशी कल्पना करा. त्याने कर्ज काढून पाचही जणांस वर्षाचा खर्च आगाऊ पाठविला. कोणाच्या पेटीत पैसा नुसताच पडून आहे, कोणाची पेटी रिकामी आहे, आणि बाप मात्र साऱ्या रकमेवर व्याज भरीत आहे. सरकारचे असेच होत होते. १ जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मध्यवर्ती खाते ठेवण्याचा नियम झाला. त्याच्या पुढची पायरी म्हणून ‘स्पर्श’ ही पद्धत आली. तीत पैसा आगाऊ न पाठविता, देणे निघाले की त्याच वेळी तो रिझर्व्ह बँकेमार्फत तिजोरीतून थेट घेणेकऱ्याकडे जावा, अशी योजना आहे. पडून राहणाऱ्या पैशावरील व्याज वाचावे आणि कोणत्या कामाचे किती देणे झाले ते त्या क्षणी दिसावे, हा तिचा हेतू होय.

या सुधारणांचा परिणाम काय झाला, याचा अभ्यासही झालेला आहे. २०१२-१३ साली बिहारमध्ये बारा जिल्ह्यांत रोजगार हमीचा पैसा मधल्या पायऱ्यांवरील आगाऊ मंजुरीविना, झालेल्या कामाच्या नोंदीवरून थेट पंचायतीस देण्याचा प्रयोग झाला. विख्यात अर्थशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली तेव्हा असे आढळले की, योजनेवरील खर्च सुमारे २४ टक्क्यांनी घटला आणि तरीही लोकांना मिळालेले काम कमी झाले नाही. याचा अर्थ, तेवढी गळती थांबली. आंध्र प्रदेशात अंगठ्याच्या ठशावर चालणारी कार्डे देऊन मजुरी वाटली गेली, तेथे गळती कमी झाली आणि मजुरी लवकर मिळू लागली, असेही एका मोठ्या पाहणीत दिसून आले. २०२० च्या महामारीत एप्रिल ते जून असे तीन महिने, वीस कोटींहून अधिक महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. आफ्रिकेतील टोगो या लहानशा देशानेही त्याच सुमारास भ्रमणध्वनीवरून गरिबांस पैसे पाठविले. सारे रस्ते बंद असताना हा एक रस्ता चालू होता. तेव्हा या व्यवस्थेस नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे नाही, हे स्पष्ट करतो.

परंतु बिहारच्या त्या अभ्यासातील दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सरकारचा पैसा वाचला खरा. पण मजुराच्या घरात येणाऱ्या मजुरीत त्यामुळे वाढ झाल्याचे आढळले नाही. तिजोरीचे भले आणि मजुराचे भले या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असे नाही. एकीसाठी केलेली सुधारणा दुसरीच्याही उपयोगी पडावयाची असेल, तर तिची रचना त्या हेतूने करावी लागते.

मजुरीची वाट नीट पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. २००५ च्या कायद्याने, आठवड्यास किंवा फार तर पंधरवड्यात मजुरी मिळालीच पाहिजे, असे सांगितले होते. हजेरीपट बंद झाला की मोजमाप, त्यावरून वेतनाची यादी आणि मग अधिकाऱ्यांच्या संगणकीय सह्यांनी निघालेला निधी हस्तांतरण आदेश, हा पहिला टप्पा राज्याचा. त्यास आठ दिवस. पुढे केंद्राकडून तो पैसा मजुराच्या खात्यात जमा होणे हा दुसरा टप्पा. त्यास सात दिवस. उशीर झाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के भरपाई द्यावी, असा नियम होता. मात्र संगणक भरपाईचा हिशेब करताना केवळ पहिल्या टप्प्यातील उशीर मोजीत असे. दुसऱ्या टप्प्यात पैसा कितीही दिवस अडला तरी कागदोपत्री मजुरी वेळेवरच मिळालेली दिसे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ मे २०१८ च्या निकालात न्यायालयाने मजुराचीच बाजू उचलून धरली. उशीर राज्याचा की केंद्राचा, याच्याशी मजुरास कर्तव्य नाही. त्यास वेळेवर मजुरी आणि उशिराची भरपाई मिळाली पाहिजे, असे त्याचे सार होते. यंत्र तेवढेच मोजते, जेवढे मोजण्यास त्यास सांगितले जाते, हा यातील बोध आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा नवा कायदा संमत केला आणि कामाचे दिवस शंभरांवरून सव्वाशे केले. नवीन कायदा आला तरी हे मोजण्याचे घड्याळ कोठून सुरू होते आणि कोठे थांबते, हा प्रश्न आपणांस विचारीतच राहावे लागेल.

दुसरी अडचण खात्याची. आधारच्या आधारे पैसा पाठविताना, त्या क्रमांकाशी जे खाते शेवटी जोडले गेले असेल त्यातच तो जातो. एखाद्याने दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडले आणि तेथे संमतीच्या कागदावर अंगठा दिला, तर मजुरीचा पैसा त्याच्या नकळत त्या नव्या खात्यात जाऊ शकतो. मजूर जुने पासबुक घेऊन जातो आणि पैसे आलेच नाहीत असे ऐकून परततो. तिकडे सरकारी नोंदीत पैसे पोहोचलेले असतात. त्याखेरीज नावातील एका अक्षराचा फरक, बंद पडलेले खाते, निष्क्रिय झालेला आधार क्रमांक, यांपैकी कशानेही पैसे परत जातात. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारच्याच मार्गाने देणे बंधनकारक झाले, तेव्हा या जोडणीचे महत्त्व अधिकच वाढले. नांगराने आणि कुदळीने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास ओळखता येत नाही. रेंज नसेल तर यंत्रही गप्प. पाड्यावरून खोडाळा किंवा मोखाडा गाठून परत यावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तेथे दोन हेलपाटे झाले तर मिळालेल्या पैशातून काय उरले, याचा हिशेब कोणत्याही प्रणालीत नाही. आधारविषयी २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात, ठसा जुळत नाही एवढ्यावरून हक्काचा लाभ नाकारता कामा नये, हेही सर्वोच्च न्यायालयापुढे स्पष्ट झालेले आहे; ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

घरोघरीच्या भगिनींना परिचित असे आणखी एक उदाहरण. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले. इतक्या थोड्या अवधीत इतक्या महिलांपर्यंत पैसा पोहोचणे जुन्या पद्धतीने शक्य नव्हते. परंतु छाननी मागाहून झाली आणि जून २०२५ पासून सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे तात्पुरते थांबविल्याचे शासनाने जाहीर केले. त्यांत खरोखर अपात्र कोण आणि नजरचुकीने अडकलेली पात्र भगिनी कोण, हे शोधण्यास पुन्हा माणूसच लागतो. पैसा वेगाने पाठविणे एक, आणि योग्य माणसास पाठविणे दुसरे. पहिले यंत्र करील. दुसऱ्यासाठी गावाची साक्ष हवी.

आता अंधाराच्या दोषाकडे वळू. येथे मात्र नव्या व्यवस्थेने आपल्या हाती एक मौल्यवान साधन दिले आहे आणि आपण त्याचा उपयोग करीत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून आपल्या ग्रामपंचायतीस किती रक्कम मिळाली, आराखड्यात कोणते काम होते, त्यावर किती खर्च पडला, हे कोणीही भ्रमणध्वनीवर पाहू शकतो. त्यासाठी अर्ज नको, शिफारस नको. सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांच्या संगणकीय सह्यांनी पैसे थेट घेणेकऱ्याच्या खात्यात जातात आणि त्याची नोंद राहते. शिवाय आपले दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्राने २०१४ साली केलेले नियम आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय, यांमुळे या पैशाविषयी बोलण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेचा आहे. शहरातील कित्येक सुशिक्षितांनाही नसलेला हा अधिकार सूर्यमाळच्या मजुरास आहे.

परंतु नोंद झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. संगणकावर ‘पूर्ण’ असे लिहिलेला बंधारा पाणी धरतो की नाही, हे ओढ्यावर जाऊनच कळते. नोंद दिल्लीत आहे, ओढा आपल्या गावात आहे. या दोहोंची गाठ घालून देणारा माणूस गावातलाच हवा. यास्तव आम्ही आपल्या संस्थेपुढे काही सूचना नम्रपणे मांडू इच्छितो.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक सभासद कुटुंबाने घरातील प्रत्येक व्यक्तीचे कोणते खाते आधारशी जोडलेले आहे, याची बँकेत चौकशी करून ते पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. दुसरी, प्रत्येक गावातून एक शिकलेला मुलगा आणि एक शिकलेली मुलगी पुढे यावी. त्यांनी ई-ग्रामस्वराजवरील आपल्या पंचायतीचा जमाखर्च कागदावर उतरवावा आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभांत तो मोठ्याने वाचून दाखवावा. आरोप करू नये, आवाज चढवू नये. केवळ वाचावे आणि काम कोठे आहे ते विचारावे. तिसरी, कामाची मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. कारण उशिराची भरपाई असो वा बेकारभत्ता असो, तारखेवाचून कोणताही हक्क सिद्ध होत नाही. चौथी, ओटीपी कोणासही सांगू नये, आणि यंत्रावर अंगठा दिल्यानंतर पावती घेतल्याशिवाय व ती दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय जागचे उठू नये. पाचवी, शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांनी दिवाळीच्या सुटीत गावी आल्यावर दोन दिवस या कामास द्यावेत. वर्गणी ते देतातच, या वर्षी थोडे ज्ञानही द्यावे.

शेवटची सूचना आपल्या स्वतःविषयी आहे. जो हिशेब आपण सरकारकडे मागतो तो आपण आपल्या सभासदांस दिला पाहिजे. संस्थेची वर्गणी, या स्मरणिकेच्या जाहिरातींचे उत्पन्न, विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीचा तपशील, हे सारे दर तिमाहीस सर्वांस पाहता येईल असे जाहीर करावे. काम लहान आहे. पण स्वतःचा जमाखर्च उघडा ठेवणाऱ्या माणसाच्या प्रश्नास ग्रामसभेत वजन येते.

बंधुभगिनींनो, पूर्वी आपले वाडवडील सरकारपुढे हात जोडून उभे राहत, कारण वहीत काय लिहिले आहे ते त्यांना दिसत नव्हते. आज ती वही आपल्या नातवाच्या हातातील भ्रमणध्वनीत आहे. तो त्यावर खेळ खेळतो, चित्रपट पाहतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याने महिन्यातून एकदा तरी ती वही उघडावी आणि आपल्या आजीस वाचून दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. येत्या २६ जानेवारीस दहा गावांत जरी असे वाचन झाले, तरी पुढील वर्षीच्या मेळाव्यात त्याचा अहवाल ठेवता येईल, आणि त्या अहवालात वीटभट्टीवर न गेलेल्या मुलांची संख्याही नोंदता येईल. आमच्यासारख्या शिक्षकास त्या एका आकड्याची उत्सुकता राहील.